मेणाच्या पेल्यातली रूथबाई

१

मंगळवारी सकाळी हनुमंतने पितळी तुकडे मोजले. अकरा भरले. रविवारी आईकडे घासायला दिले तेव्हाही अकराच होते. म्हणजे मोजणीत खोट नव्हती. खोट एवढीच, की ज्या तुकड्यावाचून मशीन तोंड उघडणार नव्हतं, तो त्या अकरांत नव्हता.

त्याने पुन्हा मोजले. मग डोळे मिटून बोटांनी मोजले, कारण उघड्या डोळ्यांनी काही उपयोग होत नव्हता. अकरा.

दौंडला स्टेशनकडून गावात येताना त्याचं दुकान लागतं. मिक्सर, पंखे, शिलाई मशीन, आणि गिऱ्हाईक फारच रडकुंडीला आलं तर गीझर. गेले तीन आठवडे मात्र टेबलावर शंभराहून जास्त वर्षांचा एक फोनोग्राफ पसरला होता आणि चार मिक्सर रुसून खाली जमिनीवर बसले होते.

गेलेला तुकडा म्हणजे सुईवरचं वजन. जुन्या रुपयाएवढी पितळी चकती, एका बाजूला माशासारखी चपटी शेपटी. सुई मेणातल्या रेघेत बसून राहते ती ह्या चकतीच्या भाराने. भार कमी पडला तर सुई घसरते. जास्त झाला तर ती मेण नांगरते. कुणीतरी सव्वाशे वर्षांपूर्वी तो भार बरोबर जुळवला होता, आणि हनुमंतने तो दोन दिवसांत घालवला होता.

त्याच्या जागी डब्यात दुसरीच एक चकती होती. तेवढीच, पण शेपटी नाही. भोक नाही, खाच नाही, आटे नाहीत. मधे थोडी फुगीर आणि घासूनपुसून लख्ख, फक्त कडेच्या चिरेत पिवळं काहीतरी अडकलेलं. मशीनच्या पोटातून ही कधी पडली, हे त्याला आठवेना. खोलायच्या नादात फोटो काढायचे राहिले होते.

तो फोन उचलणार तोच फोन वाजला. शिरूरहून ब्लेसी.

"हनुमंतदादा, आबांना रविवारी मशीन ऐकवायचं नक्की ना?"

"नक्की," हनुमंत म्हणाला. नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, पण बाहेर तेच आलं.

२

मशीन दानिएल आबांचं. आबा एकोणऐंशी वर्षांचे, शिरूरच्या जुन्या मिशन कंपाउंडात राहणारे. बंगल्याचा पोटमाळा साफ करताना ही पेटी निघाली, आणि ती काय आहे ते सांगायला निम्मं शिरूर येऊन गेलं. एक जण म्हणाला शेवेचा सोऱ्या. एकाने वैद्यकीय उपकरण ठरवलं आणि कशाचं ते बायकांसमोर सांगायला नकार दिला. आबांचा पुतण्या जॉन्सन, निवृत्त ग्रंथपाल, म्हणाला ग्रामोफोन. पण ग्रामोफोनला तबकडी लागते. इथे पेटीबरोबर निघाले ते दोन पोकळ पेले. एक काळा, एक तपकिरी. मेणाचे, बुड नसलेले, बाहेरून केसाएवढ्या बारीक रेघांनी भरलेले.

हनुमंतने ते ओळखलं. तबकड्या यायच्या आधी आवाज ह्या पेल्यांवर कोरत. कंपनीच्या पट्टीवरची अक्षरं पुसून गेली होती, म्हणून मशीन दोन मिनिटांचं की चार, ते रेघा मोजून ठरवायचं होतं. इंचात शंभर असतील तर दोन, दोनशे असतील तर चार. भिंग लावून तो मोजायला बसला. चौसष्टाव्या रेघेला लाइट गेली. दुसऱ्यांदा चौसष्टालाच एक बाई मिक्सरचं भांडं मागायला आली. तिसऱ्यांदा चौसष्ट आल्यावर तो नुसताच थांबला आणि दाराकडे बघत राहिला. कोणी आलं नाही, आणि त्या नादात आकडा गेला. पाचव्या खेपेला शंभर भरल्या.

स्प्रिंगवरच्या ग्रीसचा गूळ झाला होता, तो त्याने रॉकेलने सोडवला. पट्टा चपलांच्या चामड्यातून कापून घेतला. मिनिटाला एकशेसाठ फेरे व्हावेत म्हणून नळकांड्यावर कागदाचा कपटा चिकटवला आणि घड्याळ धरून फेरे मोजले. काळ्या पेल्यावर कुठलासा विलायती बँड होता. तो शनिवारी वाजला, अगदी ठणठणीत. मग फक्त पितळ चकचकीत करावं एवढाच मोह झाला. सोमवारी सोमवती अमावस्या असल्यामुळे आईने घरातलं होतं नव्हतं तेवढं पितळ चिंचेत घातलंच होतं. त्यात आपले अकरा तुकडे.

तपकिरी पेला त्याने लावला नव्हता. त्याच्या डब्यावर चिठ्ठी होती, मिशनच्या परदेशी मिससाहेबांच्या हातची: "रूथ, जात्यावर."

रूथ म्हणजे दानिएल आबांची आई. आबा चार वर्षांचे असताना वारली. तिचा फोटो नाही, आवाज कुणाला आठवत नाही. मिससाहेबांकडे हे मशीन तेव्हाही जुनंच होतं, पण कोरे पेले शिल्लक होते, आणि मिशनच्या बायकांच्या ओव्या त्या त्यांच्यावर भरून घ्यायच्या.

आबांच्या डाव्या कानाने दहा वर्षांपूर्वीच राजीनामा दिला होता. उजवा नोटीस पिरियडवर होता. त्याच्यामागे गाठ निघाली होती आणि येत्या सोमवारी पुण्यात ऑपरेशन. डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, की गाठ जाईल, ऐकू येणंही जाईल.

म्हणजे रविवारपर्यंत. त्यानंतर मशीन कितीही छान वाजलं तरी आबांना ते शेवेचा सोऱ्याच.

३

बुधवारी ब्लेसी दौंडला आली. आबांची नात, सव्वीस वर्षांची. विमा कंपनीसाठी खोटे दावे पकडायची. पाच गावांत पाच वेळा मेलेली एक म्हैस तिने कानातल्या बिल्ल्यावरून शोधून काढली होती, तीही जिवंत, सहाव्या गावात. तिच्यापुढे बसताना हनुमंतला आपणही दोनतीनदा मेलो आहोत असं वाटायला लागलं.

"सोमवारी दुकानात कोण कोण आलं?"

"जॉन्सनसर. आन् म्हाळू. तो रोजच येतो."

"आणि मावशी?"

"आई पहाटेच जेजुरीला गेली. तिथनं चुलत्याकडं, कवठ्याला. शनिवारी येईल."

"तुकडे त्यांनीच घासले ना? त्यांना फोन लावा."

फोन लागला. पलीकडे कोंबडा, टीव्ही आणि गिताबाई एकदम बोलत होत्या.

"आई, पितळेची चकती होती बघ, शेपटीची. कुठं पडली का?"

"पडंल कशी? आधी तुझे अकरा मोजून डब्यात टाकले, मग माझं आवरलं. माझी मोजणी चुकत न्हाई. इथं बी पाच दिले, पाच पोचले. तूच कुठंतरी घातली आसंल. जेवलास का?"

"जेवलो."

"खोटं बोलतूस," गिताबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

ब्लेसीने वहीत काहीतरी लिहिलं. मग शेजारी गेली.

म्हाळूचं भंगाराचं दुकान भिंतीला भिंत लावून होतं. म्हाळूला हाताला लागेल ती वस्तू तराजूत टाकायची सवय. बोलता बोलता त्याने ब्लेसीची पाण्याची बाटली टाकली.

"मी न्हाई घेतलं, ताई. एवढुसं पितळ घेऊन मी काय करू? मी घेतलं तर अख्खं मशीन घेतलं आसतं." हे त्याने बचाव म्हणून सांगितलं. "पण मी बघितलंय. ते तुमचे चष्मेवाले सर. हनम्या च्या-पानी सांगाया गेला, तवा त्यांनी डब्याजवळनं काहीतरी उचललं आन् खिशात टाकलं. हळूच. आमच्या धंद्यात हळूच उचललेलं लगेच कळतं."

तीन आठवड्यांपूर्वी हेच जॉन्सनसर दुकानात म्हणाले होते, की मशीन खोलू नका. चर्चच्या काचेच्या कपाटात ठेवायचं आहे. ते बोललं नाही तरी चालेल, दिसलं पाहिजे.

४

गुरुवारी दोघं जॉन्सन जॉन्सनरावांच्या घरी शिरूरला गेले. नाव खरोखर तसंच होतं. शाळेत दाखल करताना वडिलांचं नावही तेच सांगितलं गेलं आणि पुढे कोणी दुरुस्त केलं नाही.

"सलाम, काका," ब्लेसी म्हणाली. "सोमवारी दौंडला काय उचललंत?"

काकांनी चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला.

"मी उचललं नाही. ताब्यात घेतलं."

"दाखवा."

ते आत गेले. हनुमंत खुर्चीच्या कडेवर आला. सुईवरचं वजन आता आलंच, असं धरून त्याने खिशातला स्क्रूड्रायव्हरसुद्धा बाहेर काढला. काका एक पाकीट घेऊन आले, आणि पाकिटातून निघाली चिठ्ठी. "रूथ, जात्यावर."

"मिससाहेबांचं हस्ताक्षर आहे," काका म्हणाले. "तुमच्या दुकानात ती चिठ्ठी चहाच्या कपाखाली होती. मी तेहेतीस वर्षं ग्रंथपाल होतो. मला ते बघवलं नाही."

हनुमंतने स्क्रूड्रायव्हर खिशात घातला. कपाखाली होती हे खरं होतं.

"आणि वजन?" ब्लेसीने विचारलं.

"कसलं वजन? मला ते उघडलेलंच नको होतं. एकदा उघडलं की असंच होतं. आता आबांना काय सांगणार आहेस?"

ब्लेसीने वही मिटली. बाहेर आल्यावर म्हणाली, "काकांनी घेतलं नाही. म्हाळूने घेतलं नाही. राहिलात तुम्ही."

"मी कशाला घेऊ?"

"तेच मला सापडत नाहीये. नाहीतर कालच धरलं असतं."

५

शुक्रवारी हनुमंतने शहाणपणा केला. दाराच्या कडीचं पितळ लेथवर चढवून नवीन वजन कातून घेतलं. शेपटीसकट. दिसायला जुन्याहून देखणं. मूळ वजनाचा भार माहीत नव्हता, म्हणून अंदाजाने. काळ्या पेल्यावर लावलं. बँड चार सुरांपर्यंत आला आणि सुईपुढून मेणाचा काळा किस निघायला लागला, गाजर किसावं तसा. दहा सेकंदांत विलायती बँड बरखास्त.

काळं मेण टणक होतं. तपकिरी मऊ. तिथे हे वजन लावलं असतं तर रूथबाईंचा किस निघाला असता.

मग त्याने त्या बिनशेपटीच्या चकतीकडे मोर्चा वळवला. एवढे दिवस टेबलावर पडली आहे तर ती कुठेतरी बसतच असली पाहिजे. वेग सांभाळणाऱ्या गव्हर्नरच्या खाली बसवून बघितली. कर्ण्याच्या तोंडात बसवून बघितली. फुगीर आहे म्हणून बसत नसेल, असं वाटून व्हाइसच्या दातेरी जबड्यात धरली आणि हातोडीने दोन हलके ठोके दिले. चपटी होईना. भोक पाडायला ड्रिल हातात घेतलं, तेवढ्यात लाइट गेली. दौंडच्या लाइटने आयुष्यात एकदाच त्याच्यावर उपकार केले, पण हे त्याला दुसऱ्या दिवशी कळायचं होतं.

चकतीचा फोटो त्याने जर्मनीतल्या एका म्हाताऱ्या संग्राहकाला पाठवला होता. अशा मशीनांच्या ऑनलाइन मंडळावर त्याचा शब्द शेवटचा. शनिवारी उत्तर आलं. असा भाग आपण चाळीस वर्षांत पाहिलेला नाही. बहुधा सुरुवातीच्या काळातला, अत्यंत दुर्मिळ. विकणार का?

हनुमंतने ते ब्लेसीला वाचून दाखवलं. ती सकाळीच आली होती, पिशवीत आबांचे ऑपरेशनचे कागद घेऊन.

"आबा काय म्हणतात?"

"काल दिवसभर उजवा कान घेऊन फिरत होते. म्हणजे एकेक आवाज ऐकून घेत होते. कुकरची शिट्टी. गेटची कडी. शेजारच्या पोराचं पाढे म्हणणं. सगळ्यांना सांगत होते, रविवारी आई." तिने पिशवी खाली ठेवली. "दादा, मी त्यांना अजून सांगितलेलं नाही."

हनुमंतने जर्मनीचं पत्र बंद केलं. काहीतरी करायचं म्हणून त्याने खालचा एक मिक्सर उचलला आणि परत खाली ठेवला.

"ती चकती द्या इकडे," ब्लेसी म्हणाली.

६

तिने ती उन्हात धरली. उलटी केली. अंगठा फिरवला.

"तुम्ही मशीनवाले. मला सांगा, मशीनचा तुकडा कुठे झिजतो?"

"जिथं दुसऱ्याला घासतो तिथं. कडेला, भोकाला."

"ही कडेला झिजलेली नाही. मधे झिजलीय. सगळीकडून सारखी. आणि हिला धरायला काहीच नाही. मशीनचा तुकडा कशाला तरी धरून असतो. ही कशालाच धरून नव्हती. लोक हिला धरून होते."

"म्हंजी?"

"म्हणजे हिला हात झिजवतात. माझ्या त्या म्हशीचा बिल्ला असाच झिजला होता, कारण मालक सारखा काढून दुसऱ्या गावात लावायचा." तिने कडेची चीर नखाने कोरली. पिवळी पूड नखावर आली. तिने वास घेतला. "जर्मन माणसाला ह्याचा वास पाठवता आला असता तर बरं झालं असतं. हळद आहे, दादा."

दारात पिशवी टेकवल्याचा आवाज झाला. गिताबाई कवठ्याच्या एसटीने येऊन उतरल्या होत्या. एका डोळ्याला मोतीबिंदू, दुसरा त्याच वाटेवर, त्यामुळे दुकानात कोण आहे हे त्यांनी आधी चपलांवरून ओळखलं.

"मावशी," ब्लेसीने विचारलं, "फोनवर तुम्ही म्हणालात, पाच दिले, पाच पोचले. काय पाच?"

"देव की. दुसरं काय पोचवायचं?"

मग त्यांनी सांगितलं, कारण ब्लेसी चर्चची, तिला कसं माहीत असणार. हनुमंतच्या पणज्याने मेंढरांमागं फिरताना देव बरोबर ठेवले, पितळी पत्र्यावर ठोकलेले. टाक म्हणतात त्यांना. आता घरं दोन झाली, देव पाचच. म्हणून वर्षभर एका भावाकडे, वर्षभर दुसऱ्याकडे. पाळी बदलायच्या आधी चिंचेने घासायचे, सोमवतीला जेजुरीला न्यायचे, कऱ्हेत न्हाऊ घालायचे, भंडारा उधळायचा आणि मोजून दुसऱ्या घरी द्यायचे.

"चिंच एकच होती ना?" ब्लेसी म्हणाली. "ह्यांच्या तुकड्यांना आणि देवांना?"

"एकच परात. चिंच काय दोनदा भिजवायची?"

"आधी ह्यांचे अकरा मोजून काढलेत. उरले ते पाच, ते देव. लाल फडक्यात बांधलेत. म्हणजे मोजणी दोन्हीकडची बरोबर. इकडे अकरा, तिकडे पाच. पंधरा दिवस शोधलं असतं तरी सापडलं नसतं, कारण कुठेच काही कमी नव्हतं." तिने चकती पुढे केली. "हे बघा कोण आहे."

गिताबाईंनी चकती डोळ्यांजवळ नेली नाही. अंगठा एकदा फिरवला आणि कपाळाला लावली.

"बिरोबा," त्या म्हणाल्या.

हनुमंतने जन्मल्यापासून वर्षाआड रोज सकाळी ज्याला हात जोडले होते, तो पाच दिवस त्याच्या टेबलावर पडून होता आणि त्याने ओळखला नव्हता. एक तर त्याने देव कधी फुलं आणि भंडारा काढून बघितलेच नव्हते. शिवाय हात जोडताना तो डोळे मिटायचा.

गिताबाईंचा अंगठा परत फिरला आणि मागच्या बाजूला थांबला.

"ह्ये दात कशाचे उमटलेत?"

हनुमंत व्हाइसकडे बघायचं टाळत होता, त्यामुळे सगळ्यांनी व्हाइसकडेच बघितलं.

"देवाला तिथं धरलास?"

"हातोडी हळूच मारली," हनुमंत म्हणाला.

७

रविवारी सकाळी म्हाळूने भंगाराचा टेम्पो दिला, म्हणजे भंगारासकट दिला. फोनोग्राफ आणि तपकिरी पेला न्हावऱ्यामार्गे शिरूरला आबांच्या टेबलावर उतरवले आणि ब्लेसी, हनुमंत, गिताबाई कवठे येमाईला निघाले. बिरोबा गिताबाईंच्या ओच्यात.

चुलते गेणबा आप्पा ओसरीवर बसले होते. जवळ घोंगडी अंथरलेली आणि भावकीतली चार माणसं. ही आपल्या स्वागताला नाहीत हे हनुमंतला लगेच कळलं.

"या," आप्पा म्हणाले. "बरं झालं तुम्हीच आलात. आम्ही बोलावणारच होतो. गिताबाई, बिरोबा मोडलात?"

"कोण मोडंल बिरोबा?"

"आमचा बिरोबा झिजला होता, कबूल. पण सोनाराकडनं नवा करायचा तर भावकीला इचारायचं. आन् नवा करून बी बिरोबाच करायचा. तुम्ही मारुती केलात."

"मारुती?" हनुमंतने विचारलं.

चुलती म्हाळसाबाई आतून ताम्हन घेऊन आल्या. चार टाक, भंडाऱ्याने पिवळे. आणि पाचवा शेंदराने माखलेला, डोक्यावर तेल, गळ्यात रुईच्या पानांची माळ. शेपटी स्पष्ट दिसत होती.

"शेपूट आसंल तर दुसरं कोण?" म्हाळसाबाई म्हणाल्या. "आन् तुझं नाव हनुमंत. आम्हाला वाटलं, पोराच्या नावाचा देव घुसडलाय. शनवारी नारळ फोडला."

सुईवरचं वजन शंभर वर्षांत कुणाला इतकं मानाचं वाटलं नव्हतं.

गिताबाईंनी ओचा सोडला आणि बिरोबा आप्पांच्या हातात दिला. आप्पांनीही बघितलं नाही. अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला.

"माझ्या बापाच्या अंगठ्यानं झिजलाय ह्यो," ते भावकीला म्हणाले. मग मागची बाजू लागली. "ह्ये दात?"

"आप्पा, ते मी नंतर सांगतो," हनुमंत म्हणाला.

ब्लेसीने मधे पडून सांगितलं. आबा, कान, सोमवार, आई. तिने ते विम्याच्या अहवालासारखं कोरडं सांगितलं आणि शेवटचं वाक्य अर्धवट सोडून ती खाली बसली.

भावकीतला एक जण म्हणाला, "पण बसलेला देव वर्षाआधी उठत न्हाई."

"देव आसंल तर," आप्पा म्हणाले. "आन् नारळ फोडलाय, तवा नसंल आसं बी म्हणता येत न्हाई. ह्यो जातो तिथं मी संगं जाणार."

म्हाळसाबाईंनी त्याला रॉकेलने धुतलं, शेंदूर निघेपर्यंत. मग माफी मागून परत एकदा चिंचेने.

८

दुपारी तीनला शिरूरच्या मिशन कंपाउंडात, आबांच्या बैठकीत, हनुमंतने वजन बसवलं. खाली सुई अडकवली. मशीन जुळवून झालं तेव्हा तळहातावर एक स्क्रू उरला होता. त्याने तो खिशात घातला आणि कुणाकडेही बघितलं नाही.

जॉन्सनकाकांनी छोटी प्रार्थना केली. गेणबा आप्पांनी टोपी काढली, मग आपण नेमकी कशाला काढली ह्याचा विचार करत हातात धरून बसले. ब्लेसीने फोन रेकॉर्डिंगला लावला. आबांनी खुर्ची पुढे ओढली आणि उजवा कान कर्ण्याच्या तोंडाला लावला.

"आबा, मेण मऊ हाय," हनुमंत त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्याने म्हणाला. "एकदाच नीट वाजंल. दुसऱ्यांदा किती राहील, सांगता येत न्हाई."

"लाव," आबा म्हणाले.

चावी दिली. सुई टेकली. आधी नुसतं भजी तळल्यासारखं. हनुमंतची नजर सुईच्या टोकावर होती. किस निघत नव्हता. मग खालून एक घरघर आली, दगडावर दगड फिरल्याची, आणि तिच्यावर एका बाईचा आवाज, नाकातला, तरुण, ब्लेसीपेक्षाही तरुण.

"दळण सरलं बाई, पीठ सुपात निजलं,
येशूच्या नावानं माझं लेकरू भिजलं."

आबा हलले नाहीत. तिने ती ओवी परत घेतली. अर्ध्यात एक पोर खिदळलं. घरघर थांबली. मग तीच बाई, गाण्यातली नव्हे, रोजची:

"दानू, उतर. उतर म्हंते ना. मिससाहेब रागं भरतील."

"उतरतो," आबा म्हणाले.

पोर अजून खिदळत होतं. बाईपण हसली, हसू दाबत. आणि सुई पेल्याच्या कडेला जाऊन नुसतीच फिरत राहिली. हनुमंतने ती उचलली.

आबांनी कान कर्ण्यावरून काढला, आणि पहिला प्रश्न ब्लेसीला विचारला, कारण शोधून काढणं हे तिचं काम.

"मी कशावर चढलो होतो?"

पाच गावांत मेलेली म्हैस शोधणारी ब्लेसी फोनकडे बघत राहिली. तिने जॉन्सनकाकांकडे बघितलं. त्यांनी चष्मा काढला.

"परत लावू का?" हनुमंतने विचारलं. "ऐकून कळंल."

"परत लावाया लागत न्हाई," गेणबा आप्पा म्हणाले. ते खुर्चीतून उठून आबांच्या उजव्या बाजूला आले आणि कानाशी वाकले. "आधी जातं थांबलं, मग ती बोलली. ध्यानात आलं का तुमच्या? रागवायसाठी थांबली न्हाई ती. जातं फिरंचना म्हणून थांबली. तुम्ही जात्यावर बसला होता, आबा. आम्ही बी बसायचो. आईला वढायला लावायचो."

आबांनी ते नीट ऐकून घेतलं. मग टेबलावर दोन्ही हात टेकले, जणू खाली दगड आहे आणि तो अजून फिरतो आहे.

"मग बरोबर," ते म्हणाले. "उतरायलाच पाहिजे होतं."